पात्याचा पीळ

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून या नगरीत हवा म्हणजे यंत्राच्या बळाने तापवून भट्टीत रेटावयाची वस्तू होऊन राहिली आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगास असलेल्या वनकुसवडे पठारावर मात्र हवाच यंत्राला फिरविते. सुट्टीत त्या मुलखात जाऊन आलेली येथील मराठी मंडळी हटकून विचारतात, की अशा पवनचक्क्या भिलाईत का असू नयेत? या प्रश्नाचे उत्तर वाऱ्यात जितके आहे तितकेच पात्याच्या घडणीतही आहे.

वारा पात्यावर आदळतो आणि त्याला ढकलून पुढे नेतो, असा सर्वसाधारण समज आहे. इराणच्या रझावी खोरासान प्रांतात नश्तिफान येथे उभ्या आसाच्या ज्या जुन्या चक्क्या आहेत, त्या खरोखरच अशा ढकलण्यावर चालतात. परंतु अशा चक्कीचे एक अंग वाऱ्याबरोबर जात असता दुसरे वाऱ्याला सामोरे येते, सबब त्या अंगाला भिंतीचा आडोसा करण्याची तजवीज ठेवावी लागते, आणि इतके करूनही पाते वाऱ्याहून वेगाने धावू शकत नाही.

खरी युक्ती कोकणच्या तांडेलांना पूर्वापार अवगत होती. शीड योग्य कोनात ताणून बगलेचा वारा घेतला, म्हणजे त्या वाऱ्याची दिशा शिडाच्या बाकामुळे वळते, आणि वारा एका बाजूस वळविला गेल्यामुळे शिडावर उलट बाजूस बल पडून गलबत पाणी कापीत पुढे सरते. पवनचक्कीचे पाते हे असेच बगलेच्या वाऱ्यावर चालणारे शीड होय. मात्र ते किनारा न गाठता आसाभोवती फिरत राहते. या आडव्या बलाला शास्त्रज्ञ उत्थापक बल म्हणतात, आणि त्याच्याच जोरावर आधुनिक तीन पात्यांच्या चक्कीत पात्याचे टोक वाऱ्याच्या सहा-सात पट वेगाने धावते. बुंधा मात्र तितका धावत नाही. म्हणून बुंध्याला वारा जवळजवळ समोरून येतो असे भासते, तर टोकाला स्वतःच्याच गतीमुळे तो आडवा येतो. आणि दोन्ही ठिकाणी वाऱ्याशी योग्य कोन साधावा, यासाठी पात्याला बुंध्यापासून टोकापर्यंत पीळ द्यावा लागतो.

हा पीळ गणिताआधी कारागिरांच्या हाताला सापडला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लाकडी जाळीवर कापड ताणून शिडे करणारे डच कारागीर तो अनुभवाने देत असत. इंग्रज अभियंता जॉन स्मीटन याने बंद दालनात फिरत्या भुजेवर लहान शिडे बसवून प्रयोग केले आणि १७५९ साली त्यांचे निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे मांडले, तेव्हा सपाट शिडांपेक्षा डच धर्तीची बाकदार, पिळलेली शिडेच सरस ठरली.

पाते कितीही निगुतीने घडविले तरी वाऱ्याची सगळी शक्ती पदरात पडत नाही. सगळी शक्ती घ्यावयाची, तर वारा पात्यामागे जागीच थांबावा लागेल. आणि तो थांबला, तर मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही, तो चक्कीला वळसा घालून निघून जाईल. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ याने १९१९ साली दाखवून दिले, की आदर्श चक्कीलाही सत्तावीस अंशांपैकी सोळा, म्हणजे शेकडा सुमारे ५९, एवढाच वाटा घेता येतो.

यापुढचा हिशेब भिलाईकरांच्या कामाचा आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरमागे जेमतेम ३८ वॅट असतात. वेग ८ मीटर झाला, की तेच ३०७ होतात. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच असलेल्या वनकुसवड्यास हवा थोडी विरळ असली, तरी नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीचा कडा चढून जोराने येतो. म्हणूनच तेथे ३५० किलोवॅटची यंत्रे ओळीने उभी राहिली. छत्तीसगढच्या सखल मैदानात वारा मंद, आणि वेग निम्म्यावर आला तर शक्ती अष्टमांशावर येते. ही तूट पात्याच्या कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही.

तेव्हा गच्चीवर पवनचक्की बसविण्याची हौस असणाऱ्या भिलाईकरांस माझी विनंती आहे, की त्यांनी यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी, ज्या उंचीवर पाते फिरणार त्याच उंचीवर, वाऱ्याचा वेग पूर्ण एक वर्ष मोजून पाहावा.