तुकड्यातुकड्याची नोंद
(लेखमाला : मोठ्यांचा लेगो, भाग ४)

१९५८ च्या जानेवारीत ज्याचं पेटंट घेतलं गेलं, तो लेगोचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही घट्ट बसतो, इथवर येऊन मागच्या आठवड्यात आपण थांबलो होतो. आता पुढचा प्रश्न. चाळिशी-पन्नाशीतल्या एखाद्याने हा छंद मनावर घेतला, तर त्याला मदत कुठे मिळेल? इंटरनेटवर शोधू लागलं की आधी फोटोच फोटो दिसतात. टेबलभर पसरलेले किल्ले, आगगाड्या, जहाजं, अख्खी गावं. ते पाहून हुरूप येतो, यात शंका नाही. पण बांधायला बसलेला माणूस अडतो तो तुकड्यापाशी. हा तुकडा नेमका कोणता, कोणत्या सेटमध्ये आला होता, कोणत्या रंगात मिळतो, आणखी वीस हवे असतील तर कुठे मिळतील? या प्रश्नांची उत्तरं देणारी जागा मला सगळ्या फोटोंपेक्षा मोलाची वाटते. त्या जागा बहुतांशी छंदवाल्यांनीच उभ्या केल्या आहेत, तेव्हा आज त्यांच्याबद्दलच लिहितो.

घरात लेगोचा ठोकळा असेल तर तो हातात घ्या. वर आठ बटणं असलेला नेहमीचा टू-बाय-फोर चालेल. आधी बटणं नीट पाहा. अस्सल तुकड्याच्या प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं. आपल्याकडच्या डब्यांत दोन-तीन कंपन्यांचा माल एकत्र झालेला असतो, म्हणून ही खात्री आधी करून घ्यावी. मग ठोकळा उलटा करून उजेडात धरा. आतल्या बाजूला बारीक अंक दिसतील. टू-बाय-फोरवर बहुधा ३००१ असा आकडा असतो. तो त्या आकाराचा क्रमांक. लेगोच्या नोंदीत लाल रंगाचा क्रमांक २१ आहे, आणि लाल टू-बाय-फोरचा स्वतंत्र क्रमांक आहे ३००१२१. आकार आणि रंग शेजारी शेजारी लिहिले की झालं. जुन्या काळच्या पुष्कळ तुकड्यांचे क्रमांक असेच बनलेले आहेत.

आता गंमत अशी, की हाच लाल रंग ब्रिकलिंक या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजारात ५ क्रमांकाचा आहे आणि एलड्रॉ या मॉडेल रचायच्या प्रोग्राममध्ये ४ क्रमांकाचा. नवखा माणूस इथे गोंधळतो, पण त्यामागे कारण आहे. छंदवाल्यांनी नोंदी करायला घेतल्या तेव्हा कंपनीची यादी त्यांच्यासमोर नव्हती. ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे रंगांना क्रमांक दिले. आज हे तिन्ही क्रमांक एकमेकांशी जुळवून दाखवणारे तक्ते मिळतात, आणि तेही छंदवाल्यांनीच बसून केलेले आहेत.

यातलं एलड्रॉ सगळ्यांत जुनं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन नावाच्या तरुणाने १९९५ साली डॉसवर चालणारा हा प्रोग्राम लिहिला. लेगोचा एकेक तुकडा संगणकात उतरवायचा आणि ते तुकडे जोडून पडद्यावर मॉडेल उभं करायचं, हे त्याचं काम. जेसिमनने निवडलेली पद्धत इतकी सरळ होती, की ती आजही जशीच्या तशी चालते. तुमचं सगळं मॉडेल म्हणजे एक साधी मजकुराची फाइल आणि प्रत्येक तुकड्यामागे तिच्यात एक ओळ. लाल टू-बाय-फोरची ओळ अशी दिसते :

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.dat

पहिला १ सांगतो की इथे एक तुकडा ठेवायचा आहे. पुढचा ४ म्हणजे लाल. त्यानंतरचे तीन आकडे तुकड्याची जागा सांगतात, त्यापुढचे नऊ तो कसा फिरवून ठेवायचा ते सांगतात, आणि शेवटी तुकड्याच्या फाइलचं नाव. याच्यावर दुसरा ठोकळा चढवायचा असेल तर जागेच्या तीन आकड्यांतला मधला उणे २४ करायचा. एलड्रॉमध्ये वर जायचं तर आकडा उणे होतो, आणि ठोकळ्याची उंची आहे २४ एकक. एक एकक म्हणजे ०.४ मिलिमीटर. त्या हिशेबाने ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, पातळ प्लेटची ८ एकक म्हणजे ३.२ मिलिमीटर, आणि एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत २० एकक म्हणजे ८ मिलिमीटर. तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याएवढी उंची भरते, हे पोरांना खेळताना हाताला कळतं. जेसिमनच्या मापात तेच पूर्णांकांत बसलं.

१९९७ च्या जुलैमध्ये जेसिमन फ्लूने गेला. काम तिथेच थांबू शकलं असतं. पण ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं अशा माणसांनी ते पुढे नेलं. कुणी कॅलिपरने मोजून नवा तुकडा फाइलमध्ये उतरवायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने चूक काढायची, आणि पसंत पडला की तो सामायिक संग्रहात जमा व्हायचा. अशा रीतीने हजारो तुकडे तिथे आले. संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, म्हणजे कुणीही उतरवून घ्यावा, वापरावा, त्यावर नवं सॉफ्टवेअर बांधावं. जेसिमनच्या नावाने एक पुरस्कारही दिला जातो. बिनपगारी कामाचं इतकं चोख उदाहरण दुसऱ्या कुठल्या छंदात मला आढळलेलं नाही.

ब्रिकलिंकची गोष्ट वेगळी. तो बाजार आहे. डॅन जेझेकने २००० साली ब्रिकबे या नावाने तो सुरू केला, पुढे नाव बदललं. सुट्या भागांची असंख्य छोटी दुकानं इथे एका छपराखाली आली. पुष्कळ दुकानदार नवा सेट विकत घेऊन सरळ फोडतात आणि त्यातले तुकडे वेगवेगळे करून विकतात. एखादा तुकडा गेल्या सहा महिन्यांत सरासरी किती किमतीला विकला गेला, हेही तिथे पाहता येतं, त्यामुळे अवाच्या सवा भाव सांगणारा लगेच उघडा पडतो. पण बाजार चालण्यासाठी आधी मालाची यादी लागते. कोणत्या सेटमध्ये कोणत्या रंगाचे किती तुकडे, ही यादी सभासदांनी खोके उघडून, मोजून भरली आणि जाणकारांनी तपासून मंजूर केली. ब्रिकलिंकची खरी दौलत ती आहे.

या यादीची कसोटी लागली ती राखाडी रंगावर. २००३-०४ च्या सुमारास लेगोने फिका आणि गडद असे दोन्ही राखाडी रंग बदलले. नव्या छटांत किंचित निळी झाक आली. मुलांना त्याचं काही वाटलं नसेल, पण ज्याने दहा-पंधरा वर्षं राखाडी ठोकळे जमवून किल्ला बांधायला घेतला होता, त्याच्या भिंतीवर ठिगळं दिसू लागली. मोठ्या छंदवाल्यांत त्यावरून जोराचा संताप झाला, आणि तो रास्त होता. ब्रिकलिंकच्या नोंदीत मात्र जुना राखाडी आणि निळसर राखाडी पहिल्यापासून वेगळे ठेवले गेले, वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या क्रमांकांनी. आज कुणाला १९८०च्या दशकातला एखादा सेट मूळ रंगांत पुन्हा उभा करायचा असेल, तर ते शक्य होतं या काटेकोरपणामुळेच.

जेझेक २०१० मध्ये वारला. २०१३ मध्ये ब्रिकलिंक कोरियातल्या नेक्सॉन या गेम-कंपनीच्या संस्थापकाकडे गेलं आणि २०१९ मध्ये खुद्द लेगोनेच ते विकत घेतलं. छंदवाल्यांची बाजारपेठ कंपनीच्या हाती जाणं अनेकांना रुचलं नाही. मलाही त्यात धोका दिसतो. पण एक चांगली गोष्टही झाली. लेगोने आपला लेगो डिजिटल डिझायनर हा जुना प्रोग्राम २०२२ मध्ये बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी ब्रिकलिंकचा स्टुडिओ हा प्रोग्राम अधिकृत म्हणून स्वीकारला. स्टुडिओ फुकट मिळतो, आणि त्याच्या तुकड्यांच्या मुळाशी एलड्रॉचाच संग्रह आहे. जेसिमनची मापं अशी फिरून कंपनीच्या दारात पोचली.

स्टुडिओत बांधताना एक पथ्य पाळायला हवं. पडद्यावर जे बसतं ते हातात बसेलच असं नाही. प्लेट उभी करून बटणांच्या मधल्या फटीत खोचण्याची युक्ती घ्या. कागदावर हिशेब चोख जमतो : दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर २० एकक, बटणाची जाडी १२ एकक, उरली फट ८ एकक, आणि प्लेटही ८ एककच. प्रत्यक्षात प्लॅस्टिकला तिथे श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि तुकड्यांवर ताण येतो. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये अशा जोडण्यांवर सचित्र व्याख्यान दिलं होतं, त्याच्या स्लाइड्स नेटवर आहेत. गंभीरपणे बांधणाऱ्याने त्या एकदा तरी पाहाव्यात.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. खेळण्यांवरची मूळ आयात-जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेली. वर टपालखर्च. त्यामुळे परदेशी दुकानदाराकडून मूठभर तुकडे मागवायचे म्हणजे तुकड्यांपेक्षा बाकीचाच खर्च जास्त. म्हणूनच पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या माणसाला या साधनांतला बाजार कमी आणि नोंदी जास्त उपयोगाच्या आहेत. आधी स्टुडिओत बांधून पाहावं, कोणते तुकडे लागतात ते मोजावं, आणि जे घरात आहेत त्यांतच रचना बसवावी.

यासाठी २०११ पासून चालणाऱ्या रेब्रिकेबल या संकेतस्थळाची फार मदत होते. तुमच्याकडचे सेट तिथे नोंदवले की त्याच तुकड्यांतून आणखी काय काय बांधता येईल ते कळतं, कारण इतर छंदवाल्यांनी आपल्या रचनांच्या याद्या तिथे दिलेल्या असतात. काही रचनांची कृती विकत घ्यावी लागते, पुष्कळशी मोफत असते.

तेव्हा माळ्यावरचा मुलांचा जुना डबा रद्दीवाल्याला किंवा शेजाऱ्यांच्या नातवाला देण्याआधी खाली काढा. तुकडे धुऊन, वाळवून वेगळे करा, आतले क्रमांक वाचा, आणि रेब्रिकेबलवर यादी करायला घ्या. यादीत एखाद्या सेटचा तुकडा चुकीचा नोंदलेला आढळला तर गप्प बसू नका, दुरुस्ती सुचवा. पुढच्या आठवड्यात याच यादीतून पहिली रचना निवडू.