परदेशी निघालेली शिदोरी

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हाती शिदोरी देण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरास निघते, तेव्हा वारकऱ्याच्या पडशीत भाकरी आणि चटणी असते. नाशिकहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलाच्या पेटीतही चार कपड्यांच्या मध्ये चिवड्याची पिशवी, बेदाण्यांचा पुडा, डिंकाचे लाडू, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि लोणच्याची बरणी हमखास सापडते. पडशीची पेटी झाली, बैलगाडीचे विमान झाले. शिदोरी मात्र सुटली नाही.

वारकऱ्याची पडशी वाटेत कोणी उघडून पाहत नाही. परदेशी जाणाऱ्याची पेटी मात्र उघडली जाते. परक्या देशाच्या विमानतळावर उतरताच प्रवाशाला विचारतात, “आपल्याजवळ काही खाण्याचे पदार्थ आहेत काय?” पदार्थ बाहेर काढले जातात. चिवडा बहुधा पुढे जातो. खवा, ताजी पाने, आंबे हे मात्र डोळ्यांदेखत बाजूच्या पिंपात टाकले जातात. आईने पहाटे उठून बांधून दिलेली वस्तू अशी केराच्या वाटेला जाताना पाहून कोणाचेही मन खट्टू होईल. एवढे बलाढ्य देश एका आंब्याला का भितात, असेही वाटून जाईल. परंतु त्यांच्या भीतीला कारण आहे, आणि ते कारण नाशिकच्या द्राक्षमळ्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सीमेवरील तपासणी म्हणजे केवळ कराची वसुली, असे आपण समजतो. नाक्यावर माल अडवून त्यावर शुल्क घेणे ही गोष्ट पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या कामावरील अधिकाऱ्याला ‘शुल्काध्यक्ष’ असे नाव आहे. त्यालाच पुढे जकात म्हणू लागले आणि आता सीमाशुल्क म्हणतात. पण लाडवांवर कर बसवून कोणत्याही देशाची तिजोरी भरत नाही. खाद्यपदार्थांची तपासणी होते ती वेगळ्याच हेतूने. तिला ‘संगरोध’ म्हणतात. रोगाला दाराबाहेरच रोखून धरणे, हा तिचा अर्थ. चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने थैमान घातले असता एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागूसा या नगराने इ. स. १३७७ मध्ये असा नियम केला, की रोगट प्रदेशातून आलेल्या लोकांनी तीस दिवस बाहेर राहून मगच नगरात यावे. पुढे या तीस दिवसांचे चाळीस झाले, आणि ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द निघाला. माणसांसाठी केलेला हा नियम कालांतराने झाडांना, बियांना आणि जनावरांनाही लागू झाला.

आता द्राक्षांकडे वळू. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत ऑक्टोबरमध्ये वेलींची छाटणी होते. त्यानंतर अवकाळी पाऊस पडला किंवा सकाळी दाट दव राहिले, की बागाईतदाराची झोप उडते. त्याला भय असते ते दोन रोगांचे. एक भुरी, ती पानांवर आणि मण्यांवर राखेसारखी पसरते. दुसरा केवडा, त्याने पानावर पिवळट डाग पडतात आणि कोवळे घड पाहता पाहता वाळतात. हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेतील आहेत. तेथील रानटी द्राक्षवेलींना त्यांची सवय होती, त्यामुळे त्या वेली मरत नसत. तिकडील वेली हौसेने युरोपात आणल्या गेल्या, त्यांच्याबरोबर रोगही आले. इ. स. १८४५ मध्ये भुरी प्रथम इंग्लंडमधील काचघरात दिसली आणि काही वर्षांतच फ्रान्सच्या मळ्यांत पसरली.

पुढची हकिगत याहून विलक्षण आहे. इ. स. १८६०च्या सुमारास अमेरिकेतून आणलेल्या रोपांच्या मुळांवर ‘फायलोक्सेरा’ नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी एक कीड फ्रान्समध्ये आली. ती मुळांतील रस शोषून घेई. मळ्यांमागून मळे सुकू लागले, आणि पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षांवर जगणारी गावे ओसाड पडली. शेवटी असे आढळले, की अमेरिकी वेलीचे मूळ ही कीड सहन करू शकते. तेव्हा अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधण्याची युक्ती निघाली आणि द्राक्षे वाचली. पण त्यासाठी अमेरिकेतून रोपे मागवावी लागली. त्या रोपांबरोबर केवडा हा नवा रोग आला आणि तो इ. स. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये आढळला! एका संकटावरचे औषध आणावे आणि त्याच गाठोड्यातून दुसरे संकट निघावे, तशी ही गत झाली.

केवड्यावर उपाय सापडला तोही योगायोगाने. फ्रान्सच्या बोर्डो प्रांतात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर पाणी शिंपडीत असत. त्या वेली तेवढ्या निरोगी राहिल्याचे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. इ. स. १८८५ मध्ये त्याने ते मिश्रण प्रसिद्ध केले. आपले शेतकरी ज्याला ‘बोर्डो मिश्रण’ म्हणतात ते हेच. म्हणजे नाशिकच्या मळ्यात आज जो फवारा उडतो, त्याच्या मुळाशी दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे कोणीतरी नेलेली काही रोपे आहेत. ती नेणाऱ्यांच्या मनात कोणाचेही वाईट करावयाचे नव्हते.

आपल्या घराजवळचीही उदाहरणे आहेत. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांचे गाजर गवत तुम्ही पाहिले असेल. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. हे गवत अमेरिका खंडातील आहे. इ. स. १९५५च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेस आले. परदेशातून आलेल्या गव्हातून त्याचे बी आले असावे, असे मानतात. टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी दक्षिण अमेरिकेतील एक अळी इ. स. २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळली. मक्यावरची अमेरिकी लष्करी अळी इ. स. २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्या शेतांत उतरली. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. परकी कीड म्हणजे काय, हे तो पुस्तकापेक्षा चांगले सांगेल.

हे ध्यानी घेतले म्हणजे शिदोरीतील कोणता पदार्थ का अडतो, याचा उलगडा होतो. लाळ-खुरकूत हा गुरांचा रोग आपल्याकडील गोठ्यांना नवा नाही. त्याचे विषाणू दुधातून आणि मांसातून दूरवर जाऊ शकतात. इ. स. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये हा रोग पसरला, तेव्हा तो आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. बाहेरून आलेले दूषित मांस उष्ट्याखरकट्याबरोबर डुकरांना खाऊ घातल्याने तो आला असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. म्हणून आपल्यासारख्या दूरच्या देशांतील प्रवाशांना ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघाच्या देशांत मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खवा, पनीर, तूप यांकडे तेथील अधिकारी पाहतो, तेव्हा त्याला त्यातली गोडी दिसत नाही. गोठ्यात तडफडणारी गुरे दिसतात. न्यूझीलंडमध्ये प्रवाशाला मधही नेता येत नाही, कारण मधातून मधमाश्यांचे रोग जातात.

इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ कितीही सुवासिक असला, तरी अमेरिकेला जाणाऱ्याने तो पेटीत घालू नये. कोठारातील धान्य खाणारा ‘खपरा’ नावाचा भुंगेरा आपल्या देशात आहे. त्याची अळी काही न खाता वर्षानुवर्षे फटींत दडून जिवंत राहू शकते. इ. स. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला आणि त्याला तेथून हुसकावून लावण्यास सुमारे तेरा वर्षे लागली. ज्याने एकदा एवढा त्रास सोसला, तो पुन्हा दार कसे उघडील?

कढीपत्त्याची गोष्टही अशीच. मोसंबी आणि लिंबू यांच्या झाडांना जर्जर करणारा एक रोग एका चिमुकल्या किड्यामार्फत पसरतो, आणि त्या किड्याला कढीपत्त्याचे झाड फार आवडते. हा किडा इ. स. १९९८ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात पोहोचला आणि त्याच्या मागोमाग इ. स. २००५ मध्ये रोगही आला; संत्र्यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या त्या प्रांतातील बागा उजाड झाल्या. त्यामुळे आपल्याकडून ताज्या कढीपत्त्याची डहाळी तेथे नेण्यास बंदी आहे. चिवड्यातील पान तळून कुरकुरीत झालेले असते, त्यात किडा जिवंत राहण्याचा संभव नाही. तरीही अंतिम निर्णय अधिकाऱ्याचाच.

एका पदार्थाला मात्र कीड किंवा रोग यांमुळे अडवीत नाहीत. तो म्हणजे खसखस. अनारशाला खसखस हवीच, करंजीच्या सारणातही ती पडते. पण खसखस हे अफूच्या झाडाचे बी होय. अफू काढतात ती त्या झाडाच्या हिरव्या बोंडातील चिकापासून, बियांपासून नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात मात्र कायद्याने खसखशीलाही मनाई आहे. दुबईला निघालेल्या माणसाच्या डब्यात घरच्यांनी प्रेमाने अनारसे घातले, तर ते प्रेम त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकते. दिवाळीचा फराळ टपालाने पाठवतानाही हे लक्षात ठेवावे लागते, कारण पुडक्याबरोबर आत काय आहे याचे घोषणापत्र भरून द्यावे लागते.

विमानतळावर हे सारे शोधून काढणार कोण? यंत्रे आहेत, माणसे आहेत आणि कुत्रेही आहेत. अमेरिकेत इ. स. १९८४ मध्ये लॉस एंजलिसच्या विमानतळावर बीगल जातीचे लहान कुत्रे या कामावर नेमले. फळांचा आणि मांसाचा वास ओळखण्यास त्यांना शिकवतात. पेटीत आंबा असला, की कुत्रा तिच्याजवळ मुकाट्याने खाली बसतो; भुंकत नाही, अंगावर येत नाही. बीगल आकाराने लहान आणि स्वभावाने गरीब असल्यामुळे प्रवासी घाबरत नाहीत, म्हणून त्याची निवड झाली.

पण कुत्र्याने पेटीजवळ बसण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. बहुतेक देशांचा नियम साधा आहे: जवळ जे असेल ते आधीच सांगावे. सांगितल्यावर फार तर पदार्थ काढून घेतात. लपवला आणि सापडला, तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी चारशे डॉलर दंड होतो. ऑस्ट्रेलियात प्रवेशाचा परवानाही रद्द होऊ शकतो. सांगणे मात्र नेहमीच सोपे नसते. मेतकूट म्हणजे काय, हे परक्या अधिकाऱ्याला समजावून पाहा! त्याला दिसते ती केवळ एक पिवळी पूड. म्हणून डाळी, तांदूळ, मेथी, हळद अशी त्यातील जिनसांची नावे पुड्यावर इंग्रजीत लिहून ठेवतात आणि पुडा नीट बंद करतात. आपल्या देशात उतरणाऱ्या प्रवाशालाही मांस, दुधाचे पदार्थ, बियाणे, रोपे, फळे यांविषयी हेच प्रश्न विचारले जातात, आणि त्यामुळे नाशिकच्या मळ्यांचे रक्षण होते.

मग आपली फळे परदेशी जातच नाहीत काय? जातात, पण राजमार्गाने जातात. निफाड तालुक्यातील लासलगाव कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ नावाचे केंद्र इ. स. २००२ मध्ये सुरू झाले. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून त्याला किरणोपचार करावा, हा त्याचा मूळ उद्देश. कोबाल्ट धातूच्या एका प्रकारातून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. आंब्याच्या कोयीत एक भुंगेरा दडून बसतो. तो बाहेरून दिसत नाही, फळ धुऊन जात नाही, आणि त्याच्या भीतीने अमेरिकेने आपल्या आंब्याला दार बंद केले होते. किरण मात्र कोयीपर्यंत पोहोचतात आणि किडीची वाढ व वंशवृद्धी खुंटवतात. इ. स. २००७ मध्ये अमेरिकेने लासलगावच्या केंद्राला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी रत्नागिरी-देवगडकडचा हापूस नाशिक जिल्ह्यातून किरणोपचार घेऊन अमेरिकेस गेला. उपचार नीट होतो की नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेचे निरीक्षक स्वतः येथे येऊन राहू लागले. पुढे वाशी येथेही अशी सोय झाली. कोकणातील आंबा घाट चढून लासलगावी यावा, कांद्याच्या गावात त्याची परीक्षा व्हावी आणि मग त्याने समुद्र ओलांडावा, असा तो प्रवास होता.