बॉम्बला 'नाही' म्हणणारा नौदलप्रमुख

सीमेवर जरा काही झालं की तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर 'टाका एकदाचा अणुबॉम्ब' टाइप मेसेज सुरू होतात. कुणी 'थांबा' म्हटलं की तो लगेच भित्रा. बरं, मग अॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांना भित्रा म्हणून दाखवा!

माटुंग्यात जन्मलेला हा माणूस १९७१च्या युद्धात 'आयएनएस बियास' या युद्धनौकेचा कमांडर होता. पूर्व पाकिस्तानची समुद्रातून नाकेबंदी झाली, त्यातल्या कामगिरीसाठी वीरचक्र. १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. निवृत्तीनंतर अलिबागजवळ भायमळ्यात शेती.

मे १९९८मध्ये आधी पोखरण, मग पाकिस्तानात चगाई. दोन्हीकडे जल्लोष चालू असताना रामदास विरोधात उभे राहिले. दोन्ही देशांतल्या लोकांना एकत्र आणणाऱ्या मंचावर काम केलं. २००४मध्ये पाकिस्तानी पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

देशाच्या संरक्षणाला त्यांचा विरोध कसा असेल? आयुष्य त्यातच गेलेलं. पण नकाशा बघा ना. लाहोर ते अमृतसर अंतर जेमतेम ५० किलोमीटर. रडारवर चुकून काही दिसलं, तर खात्री करायला हातात मिनिटं किती? आणि किरणोत्सर्ग काही वाघा बॉर्डरवर व्हिसा मागत थांबणार नाही.

त्यांच्याच नौदलात आज अण्वस्त्रवाहू 'अरिहंत' पाणबुडी आहे. २०१८मध्ये तिने पहिली गस्त पूर्ण केली. रामदास १५ मार्च २०२४ला गेले, नव्वदाव्या वर्षी. मत बदललं नव्हतं.