अंधारात हाताला लागलेले पक्षी

भारतातल्या पाणथळींवर रात्री जाळी लावून पक्षी अभ्यासायचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते एका तापामुळे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधून काढला. तो निघाला रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. मग संशयाची सुई सायबेरियाहून येणाऱ्या पक्ष्यांकडे वळली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि १९५९ पासून सलीम अलींच्या पुढाकाराने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. पुढे त्या आजाराचा माग गोचिडी आणि माकडांपाशीच राहिला. पक्ष्यांचं काम मात्र चालू राहिलं, हे आपलं नशीब.

भरतपूर हे त्यातलं मोठं ठाणं. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत याच पाणथळीवर एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले होते. आता तिथे पक्षी पकडून, कडं घालून सोडून देऊ लागले. पण पकडणार कोण? प्राणिशास्त्राची पदवी इथे उपयोगाची नव्हती. त्यासाठी बिहारमधले मीरशिकार आले, पिढ्यान् पिढ्या पक्षी धरून विकणारे. त्यांच्यातले अली हुसेन सोसायटीच्या कामात नावाजले. पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढणं आणि तो कुठे उतरेल हे आधीच ओळखणं, हे त्यांचं शास्त्र.

चांदण्यात पक्ष्यांना जाळं दिसतं, म्हणून काळोख्या रात्री सोयीच्या. तुतवार, चिखले, मालगुजे असे चिखलातले पक्षी रात्रीही चरतात. तुतवार, मालगुज्यांना चोचीला स्पर्श कळला की पुरतं, उजेड लागत नाही. बारीक धाग्याचं जाळं काठ्यांवर ताणायचं आणि थोड्या थोड्या वेळाने फेरी मारायची. आधी पाय सोडवायचे, मग पंख. पक्ष्याची मान दोन बोटांच्या मधे, अंग तळहातात. पंखाचं आणि चोचीचं माप, वजन, पायात ॲल्युमिनियमचं कडं. त्यावर क्रमांक आणि मुंबईचा पत्ता. दुर्बिणीतून एकसारखे दिसणारे तुतवार हातात आल्यावर वेगळे होत. असे कडंवाले पक्षी पार सायबेरियात सापडले आणि त्यांच्या खबरा मुंबईत आल्या.

१९७० च्या दशकात या कामात आलेला अमेरिकी लष्कराचा पैसाही वादात सापडला, प्रकरण संसदेपर्यंत गेलं. परक्या लष्कराला पक्ष्यांत रस कशाला, या शंका रास्त होत्या. त्यांचे शिंतोडे मात्र निव्वळ पक्ष्यांसाठी राबणाऱ्यांवरही उडाले. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी मीरशिकारांचा जुना धंदा बंद पाडला. कायदा हवाच होता, पण ज्यांच्या हातांवर आपलं स्थलांतराचं ज्ञान उभं राहिलं, त्यांची नावं शोधनिबंधांच्या आभारातही क्वचितच सापडतात. हे मला खटकतं.

आता ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसलीत. रात्री भरती-ओहोटीबरोबर ते कुठे सरकतात, ते घरबसल्या पडद्यावर दिसतं. यंत्र बसवायचं तर आधी पक्षी धरावाच लागतो, आणि तेही त्याचं पीसही न दुखावता; ती विद्या अजून कुठल्या उपग्रहाला आलेली नाही.