तेलाचा डबा आणि बिलाचा कागद

ऊस तोडणीला आला की नाही हे आम्ही नजरेने ठरवत नाही, ब्रिक्स पाहतो. गोडेतेलाचेही तसेच आहे. रंग-वास बघून भेसळ कळते, या भ्रमात सभासदांनी राहू नये. 1998 साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले मोहरीचे तेल खाऊन 60 हून अधिक माणसे दगावली.

आता 1954 चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आहे. डब्यावरचे लेबल खोटे निघाले तर 3 लाखांपर्यंत दंड, तेल ठरलेल्या दर्जाचे नसेल तर 5 लाखांपर्यंत. घातक तेलाने माणूस दगावला तर किमान 7 वर्षे कैद; जन्मठेपही होऊ शकते.

कारवाई सारी नमुन्यावर चालते. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार सीलबंद भाग करतात. त्यातला एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि 14 दिवसांत अहवाल यावा असा नियम आहे.

कलम 40 प्रमाणे फी भरून आपणही तेल तपासून घेऊ शकतो. मात्र तपासणीसाठी घेतोय, हे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगायला हवे. दोष निघाला तर फी परत मिळते.

शिवारात फिरताना आम्ही विचारतो, तर उत्तर येते, "ओळखीचाच दुकानदार, बिल कशाला?" पण सुटे तेल आणि बिलही नाही, मग दोष कुणाच्या माथी मारणार? म्हणून सीलबंद डबा, त्यावरचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक पाहूनच घ्यावा. अन् बिल मागायला लाजू नये.