जहाजाचं तेल आणि पंधराचा नियम

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, खारफुटी काळवंडली, मासेमारी थांबली. सुकट-बोंबील खाणाऱ्या शहापूर-मुरबाडलाही हा समुद्र परका नाही. भातसा आणि काळू या नद्या उल्हास नदीमार्गे त्यालाच मिळतात.

अशा प्रदूषणावरचा आंतरराष्ट्रीय करार म्हणजे ‘मारपोल’. तो १९७३ मध्ये ठरला, १९७८ मध्ये सुधारला आणि १९८३ पासून लागू झाला.

त्यातला एक नियम असा: जहाजाच्या इंजिनखोलीच्या तळाशी तेलकट पाणी साचतं. मोठ्या जहाजांनी ते समुद्रात सोडण्याआधी यंत्रातून गाळायचं. दहा लाख भागांत तेल १५ भागांपेक्षा जास्त नको. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत जेमतेम तीन चमचे! प्रत्येक वेळची नोंद तेलवहीत करायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. बंदरातले अधिकारी ती तपासतात.

टकरीचं काय? १ ऑगस्ट २०१० पासून ताब्यात दिलेल्या मोठ्या जहाजांच्या इंधनटाक्या बाहेरच्या पत्र्यापासून आत, सुरक्षित अंतरावर हव्यात, असा नियम आहे. ‘चित्रा’ त्याआधीची. नवा नियम जुन्या जहाजाला आपोआप लागू होत नाही, हीच त्यातली मेख.