मिठाच्या पाण्यातून सोडियम का मिळत नाही?

छत्तीसगडमधील भिलाई येथे १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेथे लोहखनिजातील ऑक्सिजन कोकच्या साहाय्याने काढून लोखंड मिळवले जाते. त्याच राज्यातील कोरबा येथे ॲल्युमिनियम मिळवण्यासाठी मात्र विजेचा आधार घ्यावा लागतो, आणि तोही पाण्याविना. याचे कारण आयनांच्या प्रभारमुक्तीच्या क्रमात आहे.

मीठ पाण्यात विरघळले की सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन सुटे होतात. वीजप्रवाह सुरू होताच धन आयन ऋणाग्राकडे आणि ऋण आयन धनाग्राकडे सरकतात. परंतु तेथे पोहोचलेला प्रत्येक आयन प्रभारमुक्त होतोच असे नाही. ऋणाग्रावर जो घटक इलेक्ट्रॉन अधिक सहजतेने स्वीकारतो, त्याचा क्रमांक आधी लागतो. सोडियमपेक्षा पाण्याला हे सोपे जाते. त्यामुळे तेथे हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि द्रावणात कॉस्टिक सोडा तयार होतो. मोरचुदाच्या द्रावणात मात्र तांब्याचे आयन पाण्याच्या आधी इलेक्ट्रॉन घेतात, म्हणून ऋणाग्रावर तांबे साचते.

धनाग्रावर द्रावणाची तीव्रताही महत्त्वाची ठरते. अतिशय विरल द्रावणातून प्रामुख्याने ऑक्सिजन, तर संपृक्त द्रावणातून क्लोरीन मिळतो. पाण्यातून ऑक्सिजन मुक्त होण्यासाठी प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा अधिक विद्युतदाब लागत असल्याने क्लोरीनची सरशी होते. क्लोरीन विषारी असल्याने हा प्रयोग घरातील बंद खोलीत करणे धोक्याचे आहे.

ॲल्युमिनियमची गतही सोडियमसारखीच आहे. त्याच्या क्षाराच्या जलीय द्रावणातून वीज सोडल्यास हायड्रोजनच हाती लागतो. म्हणून पाण्याला स्पर्धेतूनच वगळावे लागते. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीत ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवतात. त्याचे तापमान सुमारे ९५० अंश सेल्सिअस असते. या पद्धतीने एक किलो ॲल्युमिनियम मिळवण्यास साधारण १३ ते १५ युनिट वीज खर्च होते. ॲल्युमिनियमचे कारखाने मुबलक विजेच्या आसपास उभे राहतात, ते यामुळेच. कोरबा हे कोळसा आणि औष्णिक विजेचे मोठे केंद्र आहे. वापरलेले ॲल्युमिनियम पुन्हा वितळवण्यास या विजेच्या तुलनेत फारच थोडी ऊर्जा पुरते. म्हणूनच भंगारातील जुन्या पातेल्यालाही मोल असते.